डाव्या हाताचं धनुष्य

८ सप्टेंबर २०२५, कळंब

आले एकदाची! बारामतीहून एसटीनं, दोन पिशव्या, एक टेबलफॅन आणि खांद्याला माझं धनुष्य. कंडक्टरनं विचारलं, स्वयंवर कुठं हाय, बाई? अख्खी गाडी हसली, मीही हसले.

खोली झकास आहे. मैदानाला लागून, समोर ऊस, मागं कालवा. शिकायला बावीस मुली. धनुर्विद्या केंद्राचे अध्यक्ष सर्जेराव स्वतः भेटायला आले, माझ्या पोरीसारखी हायेस म्हणाले. सत्तावीस वर्षांपूर्वी केंद्र त्यांनीच काढलं, पहिल्या मुलींना शिकवलंही त्यांनीच. खंडेनवमीला इथं धनुष्यांची पूजा होते. पहिला बाण प्रशिक्षकानं, म्हणजे आता मी, मारायचा आणि तेव्हा अध्यक्ष टार्गेटशेजारी नारळ घेऊन उभे राहणार. बाण सुटताना टार्गेटजवळ माणूस? मी तिथल्या तिथं नाही म्हटलं. ते हसले, आजवर ओरखडा न्हाय म्हणाले. माणूस प्रेमळ वाटला. बाकीचं मी बघून घेईन.

१० सप्टेंबर

डोकं फिरलंय. संस्कृती म्हणून बारा वर्षांची मुलगी आहे, पक्की डावखुरी. तिच्या हातात उजव्यांचं धनुष्य दिलंय! दोरीचे फटके बसून बसून हाताची कातडी सोलवटलीये. ५ ऑक्टोबरला बारामतीत जिल्ह्याची निवड आहे आणि पोरीला दोरी नीट ओढता येत नाही. का, तर अध्यक्षांचा नियम. डाव्या हातानं पूजा करत न्हाईत, मग बाण कसा मारायचा? अरे, हा खेळ आहे की सत्यनारायण?

रागारागात स्टोअररूम उपसली. फाटक्या जाळ्यांच्या मागं एक जुनं लाकडी रिकर्व्ह सापडलं. टोकं पुढं वळलेली, वार्निश गेलेलं, अंगावर बोटभर धूळ. बाण टेकवायची खाच उजव्या अंगाला, म्हणजे डावखुऱ्याचंच! दोरी मात्र नव्हती. जुन्या धनुष्याला दोरी गुंडाळून ठेवलेली असते, फार तर कुजलेली. इथं काहीच नाही. असू दे, दोरी मी करीन.

१४ सप्टेंबर

चार दिवस हेच चाललंय आणि मजा येतेय. कापसाचा बोळा पूर्ण अंगावरून फिरवला, लाकडाला चीर असेल तिथं कापूस अडकतो. कुठंच अडकला नाही. पॉलिश पेपर, मग वार्निशचे तीन हात. धनुष्याची मूठ कुणीतरी लहान हातासाठी पटाशीनं कोरलीये, फार मायेनं.

दोरी डॅक्रॉनची, थोड्या ताणणाऱ्या धाग्याची केली. आजकालची न ताणणारी दोरी जुन्या लाकडाला घातली की टोकं फुटतात. फळीवर दोन खिळे, चौदा पदर, वरून मेण, मध्ये लाल धाग्याचा गुंडाळा. धनुष्यापेक्षा साडेतीन इंच आखूड. चढवल्यावर धनुष्याची मूठ आणि दोरी यांच्यामधलं अंतर आमच्या गुरुजींच्या पद्धतीनं मोजलं, म्हणजे मधे आपल्या हाताची वळलेली मूठ आणि वर ताठ अंगठा. माझी मूठ बरोबर बसली. संस्कृतीनं डाव्या हातानं दोरी ओढली आणि अशी हसली, की काय सांगू. नंतर दोरी उतरवून ठेवली. चढवलेली ठेवली तर लाकूड जीव टाकतं.

१७ सप्टेंबर

सकाळी स्टोअररूम उघडली तर दोरी चढवलेली. मी मुलींवर असली ओरडले की उसात आवाज गेला असेल. सगळ्या नाही म्हणतात. किल्ली माझ्या उशाखाली असते. दुसरी अध्यक्षांकडं, आणि ते तीन दिवस पुण्याला.

दोरीचा पीळही थोडा सोडलेला. अंतर मोजलं, कमी झालेलं, माझी मूठ बसेना. संस्कृतीची लहान मूठ बसली. ती म्हणते, आईची शपथ, मी हात लावला नाही. खोटं बोलणारी पोर नाही ती.

२० सप्टेंबर

तीन सकाळी तेच. मी उतरवते, कुणीतरी चढवतं. वरच्या टोकाला केसाएवढी चीर दिसली म्हणून गावातल्या साहेबराव सुतारांकडं, सगळ्यांच्या तात्यांकडं, धनुष्य नेलं. म्हाताऱ्यानं बघितलं आणि पटाशी खाली ठेवली. धनुष्याला हात लावेनात. म्हणाले, ही मूठ म्याच कोरलीय. झुंबरसाठी. माझी पोरगी.

झुंबर केंद्राची पहिली मुलगी, डावखुरी. सर्जेरावांनी ठरवलं, हात सुधारायचा. धनुष्याचीच दोरी काढून डावा हात कमरेला बांधायचा, आखाडापासून खंडेनवमीपर्यंत सोडायचा नाही. तात्या म्हणाले, सर शिकलेलं, सर म्हणलं बांधा, मी व्हय म्हणलो. गाठ मीच मारली, बाई. हात काळा पडला, ताप चढला, दवाखान्यात उशीर झाला. खंडेनवमीलाच गेली.

त्यांच्यावर ओरडायचं होतं, ओरडता आलं नाही. निघताना एवढंच म्हणाले, धनुष्याला काय न्हाय व्हत. दोरी जपा.

२३ सप्टेंबर

भर दुपारी धनुष्य तपासायला घेतलं. डावखुऱ्याचं धनुष्य मला जमायचंच नाही, मी पक्की उजवी. दहा बाण मारले. टार्गेटला एकही नाही. दहाच्या दहा टार्गेटच्या डावीकडं, हातभर अंतरावर, मागच्या लाकडी खांबात. छातीच्या उंचीवर, सगळे वाटीएवढ्या जागेत.

परत दहा मारले. तिथंच.

त्या जागी खंडेनवमीला कोण उभं राहतं, ते मला माहीत आहे.

२६ सप्टेंबर

डाव्या मनगटाला वळ उठलाय. गोल. दोरीचा पीळ मोजता येईल इतका स्पष्ट. दुखत नाही, फक्त राग येतो. आंघोळ करताना, भाकरी मोडताना, झोपेतून उठल्या उठल्या. माझा राग मला ठाऊक आहे, तो भडकतो आणि विझतो. हा विझत नाही.

२८ सप्टेंबर

अध्यक्षांना स्पष्ट सांगितलं, पूजेला टार्गेटजवळ उभे राहू नका. हसले. मग विचारलं, झुंबर आठवते का? म्हणाले, कोण झुंबर?

कोण झुंबर!

तात्यांचं नाव घेतलं तेव्हा आठवलं. ती तापानं गेली म्हणाले, अशक्त व्हती. वर मला शिकवतात, संस्कृतीच्या हाताचंही आता बघायला पायजे, तिच्या वडलांशी बोललोय.

परत सांगितलं, बाजूला उभे राहा. दोनदा सांगितलं मी. इथं लिहून ठेवते.

३० सप्टेंबर

हे डाव्या हातानं लिहितेय. आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. अक्षर सुरेख येतंय — माझं नाही.

अध्यक्षांनी पूजेसाठी धनुष्य ऑफिसात नेलं. दोरीसकट. मी अडवलं, ऐकलं नाही.

उद्या डावा हात बांधून घ्यायचा. ठरलं. मी खुनी नाही. त्या माणसाला तुरुंगात बघायचंय मला, खांबाला खिळलेला नाही —

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मांडवामागं बसलेय. उजवा हात सकाळपासून जड.

हात बांधायला दोरी हवी म्हणून ऑफिसात गेले. धनुष्य पाटावर, हळदकुंकू वाहिलेलं. दोरी नाही.

संस्कृती पहिल्या रांगेत. नवा ड्रेस. डावा हात कमरेला बांधलेला — माझ्या दोरीनं. चौदा पदर, लाल गुंडाळा. बोटं सुजलेली. बाप शेजारी. म्हणतो, सर म्हणलं, म्हणून व्हय म्हणलो.

गाठ मी दातांनी सोडली. पोर रडली नाही. बोटांत रक्त परत येताना फक्त बघत राहिली —

दोरी माझ्याकडं आहे. बांधून घेतलं तर तो वाचेल. बांधायला हवं. गुंडाळली होती मनगटाला, त्याच वळावर. बरोबर बसली. गाठ मारायची राहिली —

हा हात किती वेळा बांधायचा?

नाही. नाही बांधणार.

धनुष्य पाटावरून उचलून आणलं, दोरी चढवली. अंतर मोजलं. माझी मूठ बसली नाही. बरोबर आहे मग.

स्पीकरवर माझं नाव. ते उभे आहेत, नारळ घेऊन, डावीकडं, हातभर. हसतायत. मांडवाच्या कडेला साहेबरावतात्या, माझ्या हाताकडं बघतायत — ओळखलं त्यांनी. हाक मारतायत, माझ्या नावानं नाही —

उजव्या हातानं धनुष्य उचललं. डावा पेन सोडून —