माझ्या नंबरावरून

प्रिय बबडे,

टेलरबाईंनी हे पत्र हातात देण्याआधी तुला फोन बंद करायला लावला असेल. तो तसाच बंद राहू दे. कितीही चुळबुळ झाली तरी पत्र संपेपर्यंत चालू करू नकोस. अक्षर वेडंवाकडं आलंय, चालवून घे. जन्मभर प्रसूतीच्या वॉर्डात नर्स म्हणून उभी राहिले, भल्याभल्यांचे हातपाय गळाले तरी मी कधी डगमगले नाही. पण आज मी घाबरलेय, बाळा. तुझ्यापासून काय लपवायचं!

सोमवारी संध्याकाळी तुला नेहमीसारखा फोन लावायला गेले, तर वर एकसुद्धा रेघ नाही. मला वाटलं, कंपनीचं रोजचं रडगाणं. पैसे आगाऊ यांनी घ्यायचे आणि रेंज शोधायला आपण खिडकीतून लोंबकळायचं! फोन बंद करून चालू केला, कार्ड काढून पुसून परत घातलं, गच्चीवर जाऊन आले. फोन आपला ढिम्म. शेजारच्या टेलरबाईंच्या फोनला मात्र सगळ्या रेघा, म्हणून त्यांच्याच फोनवरून कंपनीला लावला. आधी एक दाबा, मग चार दाबा, मग बासरी ऐका. तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे म्हणे. इतका मोलाचा, की बाईंच्या दोन्ही बाह्या शिवून झाल्या तरी कुणी उचलेना. शेवटी एक जण आला, गोड बोलला, आणि म्हणाला, खात्रीसाठी तुमच्या नंबरावर ओटीपी पाठवलाय, तो सांगा. अरे बाबा, तोच नंबर मेलाय म्हणून तर तुझ्या दारात आलेय! तर म्हणे, मॅडम, ओटीपीशिवाय तक्रार घेता येत नाही. पुढे मी त्याला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. टेलरबाई तोंडात टाचण्या धरून हसत होत्या.

मला मात्र हसू येईना. तू तिकडे फोनकडे डोळे लावून बसली असशील, हेच सारखं मनात. नवऱ्याच्या घरातून अंगावरच्या कपड्यांनिशी निघालीस, तेव्हा मीच तुला बजावलं होतं, आईच्या नंबराखेरीज कुणाचाही फोन घ्यायचा नाही, मेसेज उघडायचा नाही, समोर साक्षात देव का असेना. बाईंच्या फोनवरून तुला लावला, तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मेसेज केला, तो तसाच पडून. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हे!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दुकानात गेले. टोकन घ्या, बसा, एसीच्या थंडीने कुडकुडा. काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, काकू, हा नंबर तुमच्या नावावर नाहीच. आणि तिने त्याचं पूर्ण नाव मोठ्यांदा वाचून दाखवलं. हो, त्याचंच. नंबराचे मालक स्वतः येऊन गेले म्हणे. फोन हरवलाय असं सांगून त्याच नंबरचं नवीन कार्ड घेऊन गेले. नवीन चालू झालं की जुनं आपोआप बंद पडतं. तुला आठवतं, लग्नानंतर त्याने मला फोन आणि कार्ड दोन्ही आणून दिलं होतं? कागदपत्रांची कटकट तुम्हाला कशाला, माझ्या नावावर घेतलंय म्हणाला. मी साऱ्या बिल्डिंगला दाखवत हिंडले होते, जावई असावा तर असा! तू निघून आल्यापासून रिचार्ज मी माझ्या पैशाने करतेय, पण नंबर कुणाच्या नावावर आहे हे ना माझ्या डोक्यात आलं, ना तुझ्या. त्या मुलीला मी सगळं सांगितलं. तो माझ्या लेकीला मारतो, तो तिला शोधतोय, ते कार्ड बंद कर. तिचा चेहरा पडला बिचारीचा. पण म्हणाली, मालकाशिवाय बंद करता येत नाही, त्यांनाच घेऊन या. त्यालाच घेऊन या म्हणे! पोलीस चौकीतही तीच तऱ्हा. नंबर त्यांचा, बायको त्यांची, मग गुन्हा कसला?

आज सकाळी न राहवून टेलरबाईंच्या फोनवरून मी माझाच नंबर लावला. वाजला. उचलला. मी तोंडातून शब्द काढला नाही, तरी पलीकडून तो म्हणाला, बोला आई. तसाच, साखर पेरल्यासारखा. आणि म्हणाला, तुमच्या गुडघ्याची फार काळजी करते हो ती, रोज विचारते. बबडे, दोन ओळी टाइप करायला मला अर्धा तास लागतो, ठाऊक आहे ना तुला? घसा बसलाय, बोलता येत नाही, मेसेज कर, असं या तीन दिवसांत तुला जे कुणी लिहिलं ती मी नव्हते. पत्ता हरवलाय, परत पाठव, असं लिहिलं असेल तर तीही मी नव्हते. तुझा पत्ता मला तोंडपाठ आहे. तो तू पाठवलास की नाही, हे मला माहीत नाही. मी स्वतः आले असते, पण त्याचा भाऊ सकाळपासून समोरच्या फुटपाथवर गाडी लावून बसलाय. मी निघाले तर तो मागे येणार. टेलरबाईंवर कुणाची नजर नाही. तेव्हा काही आवरत बसू नकोस, चपला घाल आणि बाईंबरोबर नीघ. फोन तिथेच टाकून दे. कुठे जायचं ते तुम्ही दोघी ठरवा. आणि राणी, जिथे जाशील ते मलाही कळवू नकोस.

तुझीच,
आई