रिकाम्या हॉलमधली हालचाल

आई, मी आता लातुरात मुलींचं होस्टेल चालवते. पार बिलोली-भोकरहून मुली शिकवणीला येतात आणि सोडायला आलेले आईबाप जेवणाच्या आधी कॅमेऱ्यांची चौकशी करतात. म्हणून जिने, अभ्यासाचा हॉल, खानावळ, ऑफिस, सगळीकडे कॅमेरे लावलेत. त्यांच्या वायरी माझ्या टेबलाखालच्या एका खोक्यात येतात. त्याला डीव्हीआर म्हणतात. तू रेडिओ समजून त्यावर फडकं मारलं असतंस. आत एक डिस्क असते, तिच्यावर चित्रं साठतात आणि ती भरली की सगळ्यात जुनं पुसून त्या जागी नवं येतं. ती लवकर भरू नये म्हणून आमचं खोकं हालचाल झाली तरच साठवतं. आत्ताचं चित्र ते सारखं मघाच्या चित्राशी ताडून बघतं. फरक दिसला तर ठेवतं, नाहीतर सोडून देतं. सुरुवातीला ते ट्यूबलाइटभोवतीच्या किड्यांनीही जागं व्हायचं. मग कॅमेरेवाल्याला बोलावून मी त्याची सेन्सिटिव्हिटी उतरवून घेतली.

तुझंही आम्ही तेच केलं. भूकंपात मावशी तिच्याच घराच्या दगडमातीखाली गेली आणि तेव्हापासून तू भाकरी थापता थापता थांबायचीस. पिठाचा हात ओट्यावर सपाट ठेवून म्हणायचीस, "हालून राहिलं बघ." बाबा पडले गणिताचे मास्तर. ते मला काठोकाठ भरलेला पेला आणायला लावायचे आणि ओट्यावर ठेवून तुला पाणी दाखवायचे. पाणी कधी हललेलं नसायचं. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली असायची. ते रागवत नसत, समजूत घालत, आणि तेच तुला जास्त लागायचं. माझं बारावीचं वर्ष होतं, गल्लीगल्लीत शिकवणीच्या पाट्या लागत होत्या, घरात मार्कांशिवाय विषय नव्हता. तुझ्या त्या हलण्याचा मला वीट आला होता. एकदा मी वहीतून डोकं न काढताच म्हणाले की मी जमिनीवरच बसलेय, हललं असतं तर मला कळलं नसतं का?

"तुला न्हाई कळलं, म्हून हाललंच न्हाई का गं?" तू म्हणालीस.

मी पुढचं गणित सोडवायला घेतलं; तोवर घरात तुला उत्तर द्यायची कुणाला गरजच वाटेनाशी झाली होती. मग नांदेडचा डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. तुझा हात ओट्यावर थांबायचा बंद झाला. भाकरी करपेना, तेव्हा बाबा पाहुण्यांना सांगायला लागले की आता बरी आहे. तू दुपारभर दारात बसून असायचीस, हाक मारली तर उशिरा वळायचीस. तशीच गप्प गप्प एक दिवस गेलीस.

गेल्या महिन्यात एका मुलीचं घड्याळ हॉलमधून हरवलं म्हणून मी दुपारचं रेकॉर्डिंग काढून बसले. मुली क्लासला गेलेल्या, त्यामुळे पडद्यावर त्या वेळेची पट्टी कोरी होती. मध्येच एक बारीक रेघ दिसली, म्हणजे तेवढा वेळ खोक्यानं काहीतरी साठवलं होतं. त्याच क्षणी जिन्यात रेघ, खानावळीत रेघ, सगळ्याच कॅमेऱ्यांना. मला वाटलं, बिघडलं खोकं. लावून पाहिलं तर रिकामा हॉल अख्खा थरथरत होता. कॅमेरा भिंतीला लावलेला, तो भिंतीसकट हलत होता. मग बंद असलेले पंखे हळूहळू झुलायला लागले. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेला असेल म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात सौम्य धक्क्याची बातमी आली. मी पुन्हा पुन्हा ते लावत राहिले आणि मोठ्यानं रडले. खानावळीतल्या स्वयंपाकीणबाई धावत आल्या. त्यांना काय सांगणार? तू म्हणायचीस तेव्हा प्रत्येक वेळी जमीन हललीच होती, असं मी म्हणत नाही. पण आम्ही तुला एकदाही खरं मानलं नाही गं.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. त्या दुपारी ऑफिसच्या कॅमेऱ्यात मीसुद्धा आहे. भिंत थरथरतेय आणि मी टेबलाशी बसून हजेरी लिहितेय. मान वर केलेली नाही. त्या वेळी तू शेजारी असतीस आणि म्हणाली असतीस, तरी मी तुला नाहीच म्हटलं असतं.