जरा लांब भरलेली काडतुसं

विलो बेंच, मोंटाना
३ नोव्हेंबर

प्रिय मारेन,

अनेक आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. बर्फ यंदा लवकर आला, कुत्रीचा पाय बरा आहे, आणि तुझ्या आईनं दिलेलं मीटलोफ मी पुरवून पुरवून खाल्लं. तू बिलिंग्जला सुखरूप पोचलीस हे तिच्याकडूनच कळलं. मला फोन केला नाहीस, तरी मी मनावर घेतलेलं नाही.

शनिवारचं डोक्यातून काढून टाक. एवढ्या मोठ्या शिंगांचा एल्क पहिल्यांदा समोर उभा राहिला की भल्याभल्यांचे हात कापतात. तुझी पहिली गोळी लागली. दुसरीच्या वेळी घाईत रायफलचा बोल्ट पुरता मागं ओढला नाहीस, त्यामुळं काडतूस नळीत चढलंच नाही आणि घोडा दाबल्यावर नुसतं टक् झालं. होतं असं. जखमी जनावर हरवल्याचं वाईट वाटणारच, पण म्हणून कोणी जेवण टाकतं का? आणि शिकारीला बरोबर होता म्हणून क्लेट गावभर काय बोलतो ते काय घेऊन बसलीस, त्याच्या तोंडाला लगाम कधी होता?

हो, मी भरून दिलेल्या काडतुसांचा डबा तुझ्याकडंच राहिलाय. ती वापरू नकोस हं. दारू दमटली असावी असा मला संशय आहे. आईकडं ठेव, मी जाऊन घेईन.

हॉस्पिटलात रात्रपाळी असली की गरम काहीतरी खात जा.

तुझा मामा,
ऑर्विल


विलो बेंच
१९ नोव्हेंबर

प्रिय मारेन,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून तसंच सुरू करतो.

परवा खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर काउंटरमागं तुझ्या बाबांची रायफल टांगलेली. वर पाटी, विकणे आहे. दुकानदार म्हणाला, "मारेन ठेवून गेली. म्हणते, हे माझं काम नाही, मी त्या जनावराचे हाल केले." मी खिळे न घेताच बाहेर आलो.

मारेन, तू काही चुकली नाहीस. बोल्ट तू पुरता ओढला होतास. दारूही दमटली नव्हती, ते मी खोटं लिहिलं. चूक माझ्या काडतुसांची होती, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

आता सगळं सांगतो. तुझ्या बाबांचं, हॅल्वरचं, काडतुसं भरायचं यंत्र तो गेल्यावर ताईनं मला दिलं. गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत किती खोल बसवायची ते ठरवणारा साचा त्यानं कडं आवळून कायमचा पक्का केला होता. त्याची गोळी नेहमी खोल बसायची, काडतूस आखूड व्हायचं आणि रायफलच्या पोटातल्या मॅगझिनमध्ये मोकळं हलायचं. गोळ्या मात्र निशाणाच्या कागदावर तळहाताएवढ्या जागेत पसरायच्या. मी त्याला त्यावरून सारखं टोचायचो. म्हणायचो, "हॅल्वर, तू काय डोळे मिटून मारतोस काय?" तो चिडायचा नाही. म्हणायचा, "डोंगरात दुसऱ्या गोळीची गरज पडते, ऑर्विल. तुझ्या क्लबातल्या टेबलावर पडत नाही."

त्याची, आता तुझी झालेली रायफल जुनी, नळीतले गोळीला पीळ देणारे आटे मागच्या टोकाला झिजून पुढं सरकलेले. अचूक नेमासाठी गोळी त्या आट्यांच्या जवळ पोचवायची तर ती पितळेतून बरीच बाहेर काढावी लागते. मी ते कडं सैल केलं आणि गोळी बाहेर बाहेर काढत गेलो. नेमबाजीच्या क्लबात टेबलाशी बसून एकेक काडतूस हातानं नळीत घालून मारलं, मॅगझिनला हातही न लावता. पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. तो कागद मी डोरीनच्या कॅफेत सगळ्यांना दाखवत फिरलो. कसला माज आला होता मला.

तुला द्यायच्या आधी काडतुसं मॅगझिनमध्ये घालून पाहिली. बसली, पण टोकं पुढच्या पत्र्याला टेकत होती. बोटानं दाबावं लागलं. तेव्हाच समजायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर समजलं होतं. गोळी जरा आत ढकलली असती की काम झालं असतं, पण मग ते नाणं गेलं असतं. म्हटलं, चालेल.

तू पहिली गोळी झाडलीस, त्या धक्क्यानं मॅगझिनमधली काडतुसं पुढं आदळली. शिशाची मऊ टोकं पत्र्यावर चेपून तिथंच अडकली. तू बोल्ट ओढलास तेव्हा वर काही आलंच नाही, तो रिकाम्या नळीवर बंद झाला. कोणाच्याही हातात तेच झालं असतं.

तंबूवर परत आल्यावर तू रडत होतीस आणि मी तुझी रायफल उघडली. खालचं झाकण काढलं, काडतुसं सहजासहजी पडेनात, नखानं उपटावी लागली. चेपलेली टोकं बघितल्यावर सगळं कळलं. क्लेटनं विचारलं, "काय रे, काय निघालं?" मी ती खिशात टाकली आणि म्हणालो, "काही नाही. पोरगी घाबरली, बोल्ट अर्धाच ओढला."

ते वाक्य माझं होतं, मारेन. क्लेटनं ते नंतर गावभर केलं, पण पहिल्यांदा बोललो मी. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मामा, मला वाटलं मी पूर्ण ओढला होता." मी म्हटलं, "त्या वेळी सगळ्यांना तसंच वाटतं." मला स्वतःची किळस येते.

मी नंतर पुन्हा डोंगरावर जाऊन तो एल्क शोधला. कावळ्यांवरून सापडला, ओढ्याच्या वरच्या अंगाला. तुझी गोळी किंचित मागं, पण चांगली लागली होती. दुसरी मिळाली असती तर तो जागीच बसला असता. त्याचे हाल तू केले नाहीस. मी केले.

काल हे सगळं डोरीनच्या कॅफेत सांगितलं. सगळे होते. चेपलेली काडतुसं टेबलावर ठेवली. वाटलं होतं, लोक शिव्या घालतील. क्लेट ती हातात घेऊन हसला. म्हणाला, "ऑर्विल, भाचीसाठी एवढं? हातोडीनं ठोकून आणलीस की काय?" मी शपथ घेतली, तर डोरीननं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मामा असावा तर असा," म्हणाली. कॉफीत आणखी कॉफी ओतली. त्यांच्या लेखी तू अजून घाबरटच आहेस, आणि मी वर मोठ्या मनाचा ठरलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

म्हणून माझ्या बोलण्यानं आता काही होणार नाही. तुलाच यावं लागेल. दुकानदाराला मी रायफल राखून ठेवायला सांगितलंय, विकायची की नाही ते तू ठरव. पण रविवारी ती घेऊन क्लबात ये. सगळे असतात. त्याच डब्यातली काडतुसं मॅगझिनमध्ये भर, एक गोळी झाड, मग बोल्ट सावकाश, सगळ्यांना दिसेल असा पुरता मागं ओढ, आणि क्लेटला आत वाकून बघायला सांग, वर काडतूस आलेलं नसेल. मग हे पत्र त्यांना वाचून दाखव. मी तिथंच उभा असेन.

तू मनानं चांगली आहेस. मला बघून तुला कीव येईल, "जाऊ दे मामा" म्हणशील आणि पत्र खिशात ठेवशील. तसं करू नकोस. शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाच.

बोल्ट तिनं पुरता ओढला होता. मला माहीत होतं.

ऑर्विल