एलेना, ऊठ

३ मार्च, ग्लासगो
आले एकदाची. मँचेस्टरचा संसार दोन बॅगांत मावला. ऑपेरा कंपनीत सहायक स्टेज मॅनेजरची नोकरी, आणि घरात सोबतीला चक्क मराठी मुलगी, हीच ऑपेराची नायिका. वरदा लंडनच्या स्टॅनमोरला वाढलेली. मला 'तू माझा मैत्रीण' म्हणते आणि पोह्यांवर केचप घालते. पण गळा असा की सगळं माफ.

ऑपेरा मात्र रडका. दोन घराण्यांचं हाडवैर, एलेना आणि तुलियोचं प्रेम, शेवटी दोघं विष पितात. विष म्हणजे साखरेचं पाणी, ते मीच करायचं.

७ मार्च
मोराग, माझी वरिष्ठ, हिने आज इथला रिवाज सांगितला. मरणाचा प्रवेश संपला की गायकांनी आपणहून उठायचं नाही. आम्ही माइकवरून खऱ्या नावाने हाक मारायची, मगच उठायचं. मला हसू आलं. आपण नारळ फोडतो, यांचं हे.

१२ मार्च
मोराग आजारी, माइक माझ्याकडे. तुलियो झालेल्या ग्रेगरला नीट हाक मारली. मग नजर स्वरलिपीवर गेली, तिथे सगळी पात्रांचीच नावं. तोंडातून निघून गेलं, एलेना, ऊठ. वरदा उठली. सगळे हसले, मीही.

१४ मार्च
वरदाने विचारलं, पोहे म्हणजे काय. वाटलं, थट्टा करतेय. पण 'वरदा' म्हटलं की ती मागे वळून बघते, दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं.

१७ मार्च
कोरसमधल्या मुलींजवळ बसत नाही. त्या शत्रूच्या घरच्या, म्हणे. ग्रेगरचं नुकतंच लग्न झालंय. त्याच्या बोटातली अंगठी बघून रडली. तो घाबरलाय. वरच्या मंडळींना वाटतं भूमिकेत शिरलीय, ते खूश.

तिच्या आईचा, अरुणामावशींचा फोन आला. तिने तो माझ्या हातात दिला आणि विचारलं, ही बाई कोण. मी मावशींना सांगितलं, घसा जपतेय. खोटं सांगितलं.

१९ मार्च
आज तालमीत मोराग 'वरदा, वरदा' म्हणत राहिली. ती पडूनच. ओठ निळे पडायला लागले तेव्हा मीच पुटपुटले, एलेना. लगेच उठली.

मोरागला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आणखी एकदा त्या नावाने उठवलीस तर वरदा कायमची गेली. आणि नाही उठवलं तर —

२२ मार्च
उद्या पहिला प्रयोग. रद्द करा म्हटलं तर वरचे हसले. तिला म्हटलं, चल, आत्ता ट्रेन पकडू, तुझ्या आईकडे जाऊ. तिने विचारलं, तुलियो येईल?

२३ मार्च
पडदा पडला. ग्रेगर उठला. ती नाही —

साखरेचंच पाणी होतं. मी स्वतः केलं होतं, स्वतः चाखलं —

डॉक्टर आलेत. नाडी लागत नाही नीट. मोरागचा आवाज बसला, वरदा, वरदा — हातांना दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहितेय —

अरुणामावशी प्रेक्षकांतून धावत वर आल्या. लेकीचं डोकं मांडीवर. वरदा, बाळा, म्हणताहेत. ओठ निळे —

तालमीतही असंच झालं होतं, हे कुणीतरी त्यांना सांगितलं. माझ्याकडे बघताहेत. विचारताहेत, तालमीत कशी उठायची गं ही? काय म्हणायचात तुम्ही? सांग ना, मी तेच म्हणते.

मी —