काळीची किंमत

३ जून

काळीची किंमत उतरवली. मीच. सही माझी, चिठ्ठ्याही मीच चिकटवल्या.

नियम दुकानाचा, पण बसवलेला माझा — तीन महिने जे खेळणं हलत नाही त्याची किंमत एक तृतीयांश खाली. चेंडू असो, आगगाडी असो, बाहुली असो. आणि बाहुली तर एकच आहे! साचा एक, फ्रॉक एक, पापण्यांची उघडझाप एक. कारखान्यात अगदी शेवटी रंगाचे दोन डबे असतात, तेवढाच काय तो फरक. गल्ल्यावरचं मशीन म्हणतं, गोरी धडाधड खपते आणि काळी जागची हलत नाही. म्हणून आजपासून गोरी तीनशेला, काळी दोनशेला. शेजारीशेजारी, एकाच फळीवर.

मालकांना म्हटलं, हे बरं दिसत नाही. म्हणाले, "मॅडम, आपण दुकान चालवतोय, समाज नाही. महिनाअखेर कारखान्याला पुढची मागणी कळवायचीय. तोवर काळी हलली नाही तर पुढच्या खेपेला नुसती गोरी."

म्हणजे स्वस्त व्हा, नाहीतर नाहीसे व्हा. वा!

५ जून

आज मुद्दाम गल्ल्याजवळ उभी राहिले. गिऱ्हाइकांचे मासले बघायला.

एक बाई, गॉगल डोक्यावर. गोरी स्वतःच्या मुलीला, काळी मोलकरणीच्या मुलीला. "तिला शोभेलही," म्हणाल्या. केवढं ते मोठं मन! पिशव्याही वेगवेगळ्या मागून घेतल्या.

एक आजोबा नातीला सांगत होते, "ती नको गं, झोपेत दचकशील." स्वतः तव्याच्या बुडासारखे. आरसा घरी विसरून आले असावेत.

(तवा कशाला आणला मी मध्ये? खोडणार नाही. राहू दे, डोळ्यांसमोर.)

६ जून

आकडा आंधळा असतो, असं मी नव्या माणसांना शिकवते. आंधळा खरा. पण ठेच बरोबर एकाच पायाला कशी लागते?

९ जून

आज एक आई आली, सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलीने काळी पेटीसकट उचलली आणि छातीशी धरली. "आई, ही माझ्यासारखी!" आईचा चेहरा उजळला. मग तिने चिठ्ठी वाचली, शेजारची चिठ्ठी वाचली, आणि चेहरा मिटला.

गल्ल्यावर येऊन तीनशे ठेवले. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "ताई, दोनशेच."

"तीनशे घ्या."

"मशीन जास्तीचे घेत नाही हो. सवलत आहे ना!"

"कशाबद्दल सवलत?"

गल्ल्यावरची माझ्याकडे बघायला लागली. आता त्या आईनेही माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मागणी कमी आहे म्हणून." इतकं स्वच्छ, इतकं सभ्य वाक्य! बोलून झाल्यावर तोंड धुवावंसं वाटलं.

तिने बाहुली पोरीच्या हातातून सोडवून फळीवर नीट उभी केली. म्हणाली, "सारखी किंमत होईल तेव्हा येऊ." पोरगी रडली नाही. फक्त जाताना मागे वळून बघत राहिली.

११ जून

यांना सगळं सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "तू बाहुल्यांची वकील कधी झालीस? गरिबाच्या पोरीला शंभराने स्वस्त बाहुली मिळतेय, त्यात तुझं काय बिघडलं?"

चिडून वाटी आपटली, ती काही उत्तर नव्हे.

खरंच, काय बिघडलं? वांगी स्वस्त झाली म्हणून वांग्यांचा अपमान होत नाही. पण कुठलंही पोर वांग्याला छातीशी धरून "माझ्यासारखं" म्हणत नाही! हे जेवताना सुचलं असतं तर! आता हे घोरतायत.

आणि लोकांना तरी कुणी सांगितलंय, गोरीच हवी म्हणून? शिकलेले, सवरलेले, सभांमधून समतेवर टाळ्या पिटणारे — खरेदीला आले की रंगाच्या डब्यावर येऊन ठेपतात. हाताला काय हवंय ते तोंडापेक्षा गल्ल्याला जास्त कळतं. किळस येते मला या गावाची.

१३ जून

मालक खुशीत. काळीचा खप एकदम वाढला! "बघा मॅडम, रोग रंगाचा नव्हता, किमतीचा होता. उगाच लोकांना नावं ठेवता तुम्ही."

लोक शंभरात सुधारले म्हणे. समाजसुधारकांनी हयाती घालवल्या, नुसती चिठ्ठी बदलायची होती.

१५ जून

मागणी कळवायची म्हणून कोठीतला माल मोजायला लावला. मेळच बसत नाही. मशीनप्रमाणे काळ्या ढीगभर शिल्लक हव्यात, आहेत जेमतेम. गोऱ्या मात्र मशीन म्हणतं त्याच्या कितीतरी जास्त.

मालक म्हणाले, "काळ्या चोरीला गेल्या असणार."

"आणि गोऱ्या आपोआप व्यायल्या वाटतं?"

हसले नाहीत.

१६ जून

सापडलं! गल्ल्यावरच सापडलं.

बाहुलीच्या पेटीवरची मशीनने वाचायची रेघांची पट्टी रिबिनीखाली दडते. दर वेळी गाठ सोडा, पट्टी शोधा, गाठ मारा — रांग खोळंबते. म्हणून गल्ल्यावरच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात एका गोरीची पट्टी सोलून टेबलाच्या कडेला चिकटवली. कुठलीही बाहुली आली की मशीन त्या पट्टीवरून फिरवायचं.

"काळी आली तरी?"

"हो. किंमत एकच होती ना मॅडम. बाहुली ती बाहुली, तिच्यात काय निवडायचं?"

मी खुर्ची ओढून बसले. म्हणजे काळी विकली की गोरीच्या नावावर जमा. किंमत वेगळी झाली तेव्हा नाइलाजाने काळीची रिबीन सोडायला लागली, आणि तिची विक्री पहिल्यांदा मशीनला दिसली. खप वाढला नव्हता. होताच!

"काही चुकलं का हो माझं?" विचारत होती बिचारी. सगळ्या दुकानात दोघींना सारखं मानणारी ही एकटी. आणि घोळ झाला तो त्याच्यामुळेच! हसावं की रडावं कळेना. पट्टी सोलून काढली. रिबिनी आता पेटीच्या दुसऱ्या बाजूने बांधायला सांगितल्या.

१७ जून

सगळा हिशेब जुळवून मालकांपुढे ठेवला. काळी पहिल्यापासून गोरीहून थोडी जास्तच विकली जातेय. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे गोरी मागे पडली?"

"हो. मग आता तिची किंमत उतरवायची का?"

"छे छे, गोरीवर सवलत? लोक म्हणतील माल खराब आहे."

"काळीवर होती तेव्हा?"

"तेव्हा कोण काय म्हणालं?"

आणि हे बोलल्यावर त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण चष्मा पुसायला घेतला. शेवटी कबूल झाले — दोघी तीनशेला, आणि मागणीही दोघींची, सारखी. मी लगेच कारखान्याला फोन लावला, त्यांचं मन बदलायच्या आत. जिंकले! संध्याकाळी स्वतः चिठ्ठ्या सोलल्या.

१८ जून

गोरी खपत नाही असं मशीनने सांगितलं असतं, तर मी पहिल्याच दिवशी मशीन तपासलं असतं.