हलकी स्प्रिंग

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज दुरुस्तीला तीन पिस्तुलं आली. तिन्हींचं दुखणं एकच — घरी बसून बदललेले पार्ट.

ब्रेंट, तो छपरं घालणारा, दारातूनच सुरू झाला. "एल्डन, कंपनीने भिकार माल गळ्यात मारलाय माझ्या." उघडून पाहिलं तर आत कंपनीचं उरलंय काय! चाप बाहेरचा, पिन बाहेरची, स्प्रिंग बाहेरची. तीन ठिकाणचे तीन पार्ट, त्यांनी एकमेकांचं तोंडही कधी पाहिलेलं नाही. मूळ पार्ट कुठे आहेत म्हटलं, तर म्हणे फेकले. अठ्ठावीस वर्षं हेच उत्तर ऐकतोय.

"पण चाप किती हलका झालाय ते बघा ना," म्हणाला. झालाय ना. इतका हलका की पाचातली एक गोळी उडतच नाही.

माझ्या दुकानाचा नियम — न उडालेल्या गोळ्या बरोबर आणायच्या. गोळीच्या बुडाला पिन आपटते तिथे खाच पडते. खाच खोल असेल तर दोष गोळीचा, पुसट असेल तर बहुतेक वेळा स्प्रिंगचा. ब्रेंटने मूठभर आणल्या. सगळ्या पुसट. हलकी स्प्रिंग काढायला सांगितलं तर तोंड पाडून बसला. फोनवर दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला मी काय शिकवणार?

माझं स्वतःचं पिस्तूल ड्रॉवरमध्ये आहे. तीस वर्षं झाली, आत एकही बाहेरचा पार्ट नाही. एकदाही चुकलेलं नाही.

शिकारीचा हंगाम बारा दिवसांवर आला. कंटाळलोय. माझी बायको लोर्ना म्हणते, दुकान बंद करा आता. बंद करून मी दिवसभर काय करू, ते मात्र सांगत नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आणखी दोन. तीच स्प्रिंग, तोच वाद.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

नॉर्ब आला होता. त्याची बायको अर्लीन जूनमध्ये वारली, तेव्हापासून दुकानात पहिल्यांदाच. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली या माणसाने, पोरांच्या दंग्यावर आवाज चढवून चढवून घसा भरदार झालेला. आज त्याचं बोलणं मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

टॉवेलात गुंडाळलेलं अर्लीनचं पिस्तूल काउंटरवर ठेवलं. "चालत नाही." शर्टाच्या खिशातून एक गोळी काढून शेजारी ठेवली. नियम त्याला पाठ आहे.

उघडलं आणि कानशिलं तापली. आत हलकी स्प्रिंग, आणि ती मीच बसवलेली. तीन वर्षांपूर्वी अर्लीनची बोटं संधिवाताने वाकडी झाली, चाप ओढवेना. मला म्हणाली, "एल्डन, माझ्यासाठी एवढं कर." केलं. वर तिने भट्टीत भाजलेला, रुबार्बच्या आंबटगोड सारणाचा 'पाय'ही खाल्ला. साऱ्या गावाला ज्यावरून झापतो, तेच माझ्या सगळ्यात जुन्या मित्राच्या घरात करून ठेवलं.

"चूक माझी आहे, नॉर्ब," म्हणालो.

"नाही रे," म्हणाला. "तुझी कशाला?"

मूळ स्प्रिंग माझ्याकडेच आहे. काढलेला प्रत्येक पार्ट मी नाव घालून पाकिटात ठेवतो. पाच मिनिटांचं काम. पण रांगेत ब्रेंट आधी होता, म्हणून शनिवारी दहाला ये म्हटलं.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

अर्लीनच्या पिस्तुलात मूळ स्प्रिंग घातली. मागच्या मातीच्या बांधावर पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडली नाही. नॉर्बला फोन केला. "आता बिनचूक चालतंय." तो "बरं" म्हणाला, बस.

जेवताना लोर्ना सांगत होती, नॉर्बने डॉटीला भाचीकडे देऊन टाकलं. ती कुत्री अर्लीनच्या उशाशी झोपायची. मासे धरायच्या काठ्याही चर्चच्या विक्रीला दिल्या म्हणे. मी हूं हूं करत एल्क हरणाचा रस्सा खात होतो. लक्ष नव्हतं माझं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळचे साडेनऊ. नॉर्बच्या पिस्तुलाला अडकवायची चिठ्ठी लिहायला बसलो आणि ताटलीतली ती गोळी हाती आली.

एकच गोळी. एकच पुसट खाच.

नेमबाजीला गेलेला माणूस न उडालेली गोळी बाजूला टाकून पुढची झाडतो. मग माझ्याकडे येताना पाच आणतो, दहा आणतो. एक कोणी आणत नाही. मॅगझिनही रिकामंच होतं. घरात एकट्या बसलेल्या माणसाने एकच गोळी भरली. ती उडाली नाही. आणि ते पिस्तूल मी काल त्याला बिनचूक करून ठेवलं! फोन करून वर सांगितलंही.

अर्ध्या तासात येईल. इथे आम्ही एकमेकांना गुडघ्याचं विचारतो, एल्क दिसला का विचारतो. असलं विचारायची आम्हाला सवय नाही. आणि ज्याचं हत्यार त्याला द्यायचं नाही, हे तर आयुष्यात केलेलं नाही.

लोर्नाला दुकानात बोलावलंय.

दुपार

तो आला. मी दाराला "बंद" ची पाटी लावली. गोळी समोर ठेवून सरळ विचारलं, "नॉर्ब, ही कुठे उडाली नाही?"

त्याने गोळी उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाला, "स्वयंपाकघरात. तिच्या खुर्चीवर बसलो होतो."

"मी पिस्तूल देणार नाही."

"माझं आहे ते."

"तुझंच आहे. हे बघ, चिठ्ठीवर तुझंच नाव. पण पार्ट यायचाय."

"काल तर म्हणालास झालं."

"नवीन पार्ट सांगितलाय. वेळ लागेल."

"खोटं बोलायला अजून जमत नाही तुला, म्हाताऱ्या," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. लोर्नाने त्याला जवळ घेतलं. मग मी त्याच्या घरातल्या बाकीच्या बंदुकाही आणून दुकानाच्या कुलपाच्या कपाटात ठेवल्या, त्यानेच हातात काढून दिल्या. लोर्ना त्याला घेऊन बिलिंग्जला डॉक्टरकडे गेली. काही दिवस तो आमच्याकडेच राहील.

माझ्या हातून झालेल्या सगळ्यात वाईट कामाने तो वाचला. याचं काय करायचं मला कळत नाही.

बुधवार, २३ ऑक्टोबर

डॉटी परत आली. भाचीची तक्रार — कुत्री घरभर अर्लीनला शोधते. आता माझ्या काउंटरखाली घोरत पडलेली असते. नॉर्ब दिवसभर दुकानात बसतो. नीट झोपत नाही, पण जेवतो.

ब्रेंट पुन्हा आला, आता वेगळ्या दुकानाची स्प्रिंग घालून. मी तोंड उघडायच्या आत नॉर्ब म्हणाला, "मूळ पार्ट कुठे आहेत?" आवाज तोच, बसमधला. ब्रेंट चक्क ओशाळला.

रविवार, २७ ऑक्टोबर

नॉर्बने आज विचारलं, "एका गोळीवरून तुला कळलं कसं?"

सांगितलं त्याला. आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत मीही एकच भरली होती. तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली, कोणीतरी बंदूक पुसायचं तेल मागायला आलं, म्हणून राहिलं. माझ्या पिस्तुलात सगळे पार्ट मूळ आहेत. ते चुकलं नसतं.

नॉर्ब उठला. त्याने माझ्या ड्रॉवरमधलं पिस्तूल काढून कपाटात अर्लीनच्या पिस्तुलाशेजारी ठेवलं आणि त्याच्या मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून अडकवली — "एल्डन. पार्ट यायचाय."

कपाटाची किल्ली मी लोर्नाकडे दिली. ती का म्हणून विचारेल. सांगणार आहे.