गफूरभाईंच्या पत्रातला शब्द

१२ नोव्हेंबर २००३, बुधवार

नागपूरहून मशीन आली. उतरवायला सहा हमाल. रुईच्या धाग्याची लांबी मोजते, मजबुती मोजते, कागद छापून देते. तिला गारवा लागतो म्हणून गफूरभाईंच्या खोलीत एसी बसवला, त्यांचं टेबल व्हरांड्यात काढलं. टेबलाची एक बाजू मीच धरली होती.

गफूरभाई बावीस वर्षं आमच्या जिनिंगमधे ग्रेडर. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरायची, ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची आणि लांबीचा आकडा सांगायचा, मिलिमीटरमधे. त्यांचा आकडा कोणी फिरून विचारत नाही.

इंजिनिअरनं एकाच गाठीतून दोन नमुने काढले. एक मशीनमधे, एक ग.भाईंच्या हातात. ग.भाई म्हणाले अठ्ठावीस. मशीनचा कागद आला, अठ्ठावीस. आम्ही दोघं-तिघं हसलो. मॅनेजर साहेब हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे मशीन बरोबर आहे."

१४ नोव्हें., शुक्र.

जुम्म्याची नमाज पढून ग.भाई सरळ माझ्या टेबलाशी. हातात पत्र. नव्या भागीदारांच्या ऑफिसातून आलेलं, सगळं इंग्रजी. मी पावत्या फाडणारा माणूस, पण इंग्रजी पत्रं वाचायला लोक माझ्याकडेच येतात.

वाचलं. ग्रेडरचं पद ऑब्सोलेसन्समुळे महिनाअखेर बंद. तो एक शब्द नीट कळला नाही. वाक्याचा शेवट कळला.

"काय लिहेल हाय, देवीदास?"

रोजा चालू. ओठ पांढरे पडलेले. मी म्हणालो, "पद जुनं झालं म्हन्तात. तुमाले दुसरीकडे लावतीन."

पहिलं खरं. दुसरं कुठून आलं माहीत नाही. त्यांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवलं. म्हणाले, मंग ठीक हाय.

१५ नोव्हें., शनि.

मनीषाची बारावीची डिक्शनरी काढली. कालबाह्यता. वापरातून जात असण्याची अवस्था. मनीषा म्हणाली, त्यांच्या सरांनी वर्गात फरक सांगितलाय. ऑब्सोलीट म्हणजे गेलेलं. हा शब्द त्याच्या अगोदरचा. "बाबा, आपल्या बोलीत सोपं हाय. ते म्हंजे गेलं. हे म्हंजे जाऊन राह्यलं."

कालबाह्य हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. फक्त परिपत्रकात. वातीच्या स्टोव्हला घरी बायको, शोभा, म्हणते, आता कोन वापरते. ऑफिसातल्या टाइपरायटरवर खोळ घातली, त्याला बंद पडला म्हणतात, तो चालू असूनही. माणसाला थकले म्हणतो. ग.भाई तर थकलेही नाहीत.

मनीषानं विचारलं, कोणासाठी पाहून राह्यले? म्हटलं, ऑफिसचं काम.

१६, रवि.

तांड्यावर गेलतो. आईचा, याडीचा, गुडघा तसाच. उगाच विचारलं, आपल्या लोकांची लदेणी कधी बंद पडली? साल तिला माहीत नाही. तिच्या सासऱ्यानं सांगितलेलं तेवढं माहीत. बैलांच्या पाठीवर मीठ लादून दर वर्षी एका गावी जायचे. एका वर्षी पोचले तर व्यापारी म्हणाला, माल कधीचाच आला, आगगाडीनं. लादलेले बैल तसेच परत आणले. मग नांगर धरला.

"त्याइले अगोदर कोनी सांगतलं नव्हतं?"

याडी आमच्या बंजारा बोलीत म्हणाली, असं कोण सांगते.

१९, बुध.

आज दिवसभरात अकराच गाड्या. औंदा अळीनं बोंडं खाल्ली, येतो तो कापूस पिवळा. अंगणात कुत्री झोपलेली.

ग.भाई व्हरांड्यातून आले, बसले. दिग्रसच्या एका जिनिंगच्या मुनीमाचा निरोप आलता म्हणे. त्यांच्याकडे मशीन नाही, ग्रेडर सोडून गेला, तुम्ही या. ग.भाईंनी नाही म्हणून कळवलं. "कंपनीच मले दुसरीकडे लावून राह्यली, मंग एवढ्या दूर कायले जाऊ? तुही भाभी बी तेच म्हने."

खूश होते. मी पावती चुकीची फाडली. रद्द लिहून दुसरी केली.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. समोर बसले होते.

२२, शनि.

आजही नाही सांगितलं. भीती वाटते असंही नाही. आत काही हलतच नाही. जेवतो, झोप लागते. शोभा म्हणाली, आजकाल तुमी ऐकूनच नाही राह्यले. ऐकतो, पण

२४, सोम.

साहेबांनी ग.भाईंना व्हरांड्यातच सांगितलं, उभ्या उभ्या. महिनाअखेर हिशेब, नंतर यायचं नाही. ग.भाई म्हणाले, मले तं दुसरीकडे लावनार होते? साहेबांनी विचारलं, कोण म्हणालं? ग.भाईंनी माझं नाव घेतलं नाही. हे मला चपराशानं सांगितलं.

मग ग.भाई माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"पत्र तुले समजलं होतं?"

"हो."

"पुरं?"

"पुरं." मग म्हणालो, "तुमचा रोजा होता."

"रोजा माहा होता, देवीदास. खोटं तू बोलला."

आणि गेले, व्हरांड्यात, टेबलावर. संध्याकाळपर्यंत नमुने ओढत होते. ते नमुने कोणी मागितले नव्हते.

२६, बुध. ईद

जायचं का नाही यात सकाळ गेली. शोभा म्हणाली, अठरा वर्सं जाऊन राह्यले, आज नाही गेले तं त्याचाच अर्थ निघन. गेलो. भाभींनी शीरखुर्मा दिला. त्यांच्या तोंडावरून काही कळलं नाही.

वाटी रिकामी झाली तसं ग.भाईंनी कपाटातून पत्र काढलं. वाच, म्हणाले. एकेक शब्द वाचला, एकेकाचं मराठी केलं. त्या शब्दाशी थांबवलं. तीनदा म्हणायला लावला. मग स्वतः म्हणून पाहिला. आब्सोलेसन. "म्हंजे काय?"

"जाऊन राह्यलं. अजून गेलं नाही, पन जाऊन राह्यलं."

"मंग अजून चार दिवस हाय," म्हणाले. भाभी आत गेल्या.

माझं चुकलं, असं म्हणालो. ऐकलं का माहीत नाही.

२९, शनि.

ग.भाईंचा शेवटचा दिवस. मस्टरवर सही केली. चहा झाला. कोणी भाषण केलं नाही, बरं झालं.

दुपारी एसटीडीवरून दिग्रसला फोन लावला. मुनीम म्हणाले, एक माणूस पाहून ठेवलाय, तरी सोमवारी आणा, हात बघू. ग.भाईंच्या घरी जाऊन सांगितलं. पुरं सांगितलं, दुसरा माणूस आहे तेही. ग.भाई म्हणाले, तू बी चल.

१ डिसेंबर, सोम.

सुटी टाकली. पहिल्या गाडीनं दिग्रस. ग.भाईंनी ईदचाच कुर्ता घातला होता.

मुनीम माणूस बरा. तीन नमुने पुढे ठेवले. पहिला ग.भाईंनी ओढला, लगेच सांगितला. मुनीमानं मान हलवली. दुसऱ्याला वेळ लागला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा ओढला. सव्वीस, म्हणाले. मुनीम कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मी ग्रेडर नाही, पण इतकी वर्षं शेजारी बसलोय. ती रुई सव्वीसची नव्हती. तिसरा बरोबर असावा.

कळवतो म्हणाले, दोन-चार दिवसांत. नंबर ऑफिसचा दिला, माझ्या नावानं.

परतताना पुसदला गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. मग ग.भाई म्हणाले, "दुसरा किती होता?"

"अठ्ठावीसच्या वर असन."

"मले बी तसंच वाटलं. तोंडातून सव्वीस गेलं."

दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. गाडी सुटल्यावर विचारलं, भीतीनं झालं असन का, का हातच. वाक्य पुरं केलं नाही. मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आपल्या उमरखेडला उतरलो. रिक्षा नको म्हणाले. चार पावलं गेले, वळले.

"फोन आला की घरी येजो. भाभीसमोर सांगजो."